चीफ केळकरांचं पहिलं मत

किस्से कोणी ठरवून साठवत नाही. फ्रीजमध्ये छोटे डबे साठतात, तसे ते आपोआप साठतात. आज वाटीभर उसळ उरली म्हणून ठेवली, उद्या चमचाभर चटणी, आणि एक दिवस बघावं तर दूध ठेवायला जागा नाही! आमच्या रविवारच्या कट्ट्याचं तसंच झालंय. सिंगापुरात सेरंगूनला चीफ केळकरांच्या ब्लॉकखाली, म्हणजे इमारतीखाली, एक कॉफीशॉप आहे. तिथे आम्ही पाच-सहा मराठी टाळकी दर रविवारी सकाळी जमतो, कोपी, म्हणजे इथली कॉफी, पितो आणि ज्यातलं आपल्याला काही कळत नाही त्यावर तास-दीड तास बोलतो. २०१७ साली सिंगापूरच्या राष्ट्रपतिपदाची निवडणूक आली आणि तेव्हापासून इतके डबे साठलेत की आज सगळा फ्रीजच रिकामा करायला काढलाय.

आधी चीफ कोण ते सांगते. अच्युत केळकर. मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनियर होते, मग सेम्बावांगच्या एका शिपयार्डात बरीच वर्षं सुपरिंटेंडंट होते, आता रिटायर झालेत. चीफ ही पदवी मात्र रिटायर झालेली नाही. लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, दवाखान्यात, सगळीकडे ते चीफच. सुलभावहिनी, म्हणजे त्यांची बायको, एरवी "अहो" म्हणतात. चिडल्या की त्याही "चीफ" म्हणतात!

राजकारणात चीफ पक्के सनातनी. जो खुर्चीवर बसलाय त्याला उठवू नये, त्याला बसवणाऱ्यांना प्रश्न विचारू नयेत, आणि विचारणाऱ्यांना चहा पाजू नये, असं त्यांचं साधारण धोरण. कुठल्याही देशात निवडणूक असो, चीफ सत्ताधाऱ्यांच्या बाजूने! एकदा तर ज्या देशाचं नावही त्यांना नीट घेता येत नव्हतं, तिथल्या सत्ताधारी पक्षासाठी ते अर्धा तास भांडले होते.

आणि गंमत अशी, की या कडव्या मतदाराने आयुष्यात एकदाही मत दिलेलं नव्हतं. भारतात निवडणूक लागली की चीफ बोटीवर. कधी रिओला, कधी रॉटरडॅमला. इथे आल्यावर कित्येक वर्षं पीआर, म्हणजे नुसते कायमचे रहिवासी, आणि पीआरला मत नसतं. शेवटी साठी उलटल्यावर दोघा नवरा-बायकोंनी नागरिकत्व घेतलं, तर सार्वत्रिक निवडणूक नुकतीच होऊन गेलेली! त्यामुळे राष्ट्रपतिपदाची निवडणूक जाहीर होणार म्हटल्यावर चीफ लहान मुलासारखे हरखले. "एकदा मत दिलं की मी मोकळा," ते म्हणायचे, "मग मला काही झालं तरी चालेल."

"काही होण्याआधी गॅसचं बिल भरा," वहिनी म्हणायच्या.

*

गुलाबी आयसी मिळालं त्या रविवारचा हा किस्सा. इथे नागरिकाचं ओळखपत्र गुलाबी आणि आम्हा पीआरवाल्यांचं निळं. चीफनी ते खिशातून काढून टेबलावर ठेवलं. कोपीचा थेंब पडेल म्हणून लगेच उचललं, रुमालाने पुसलं आणि पुन्हा ठेवलं.

"मीना, हात लावू नकोस. नुसतं बघ," मला म्हणाले.

आमच्यात एक नेने आहेत. बँकेच्या आयटीत मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि बुकित तिमाहला कॉन्डोमध्ये राहतात. या दोन्ही गोष्टी ते स्वतःच सांगतात, दर रविवारी. नेन्यांनी विचारलं, "चीफ, आता तुम्ही लोकशाहीवाले झालात. मग बोटीवर कधी मतदान घेतलं होतंत का? निदान जेवणाच्या मेनूवर?"

चीफनी आयसी खिशात ठेवलं, बटण लावलं आणि म्हणाले, "बोटीवर मतदान घेतलं असतं तर आम्ही अजून सुएझमध्येच असतो!"

"म्हणजे लोकशाही वाईट?"

"चांगली आहे रे. फक्त इंजिन रूमच्या बाहेर!"

नेने हसले. त्यांना वाटलं चीफ विनोद करतायत.

*

चीफचं एक भाषण होतं. आम्हाला सगळ्यांना ते पाठ होतं. गणपतीत व्हायचं, वाढदिवसाला व्हायचं, एकदा तर एका डोहाळजेवणात झालं. "मी देश का सोडला? आरक्षणामुळे! तिकडे गुणवत्तेला किंमत नाही. इथे बघा, मेरिट! नथिंग बट मेरिट!" खरं तर चीफ बोटीवर गेले कारण पगार डॉलरमध्ये मिळायचा. हे मला वहिनींनीच सांगितलंय. पण भाषणात डॉलर बरे दिसत नाहीत.

मग सरकारने जाहीर केलं की बरीच वर्षं मलय समाजातला राष्ट्रपती झालेला नाही, म्हणून यंदाची निवडणूक मलय उमेदवारांसाठी राखीव!

त्या रविवारी कट्ट्यावर सगळे वेळेआधी हजर. नेने तर टॅक्सी करून आले. चीफ आले, बसले, कोपी मागवली आणि ढवळत राहिले. साखर केव्हाच विरघळली होती.

"काय चीफ," नेन्यांनी सुरुवात केली. "आरक्षण!"

"आरक्षण नाही ते."

"मग काय आहे?"

"समतोल आहे."

"पेपरात तर रिझर्व्ह्ड लिहिलंय."

"पेपरवाल्यांना काय अक्कल आहे?"

चीफची मुलगी मुग्धा तिथेच फोनमध्ये डोकं घालून बसली होती. ती इथेच लहानाची मोठी झाली. मराठी सगळं समजतं, पण उत्तर बहुतेक इंग्रजीतच, आणि शेवटी इथल्या लोकांसारखं 'लाह'. मान वर न करता म्हणाली, "बाबा, गव्हर्नमेंटनेच रिझर्व्ह्ड म्हटलंय लाह. दॅट्स द ऑफिशियल नेम!"

चीफनी एक मोठा घोट घेतला. आमच्या सगळ्यांकडे एकदा बघितलं.

"तिकडचं आरक्षण वेगळं," ते म्हणाले. "तिकडे आरक्षणाने मेरिट मरतं. इथलं आरक्षण मेरिटवर असतं!"

एवढी स्वच्छ कोलांटी मी सर्कशीतही पाहिलेली नाही. तेही बसल्या जागी, खुर्चीवरून, साठी उलटलेल्या माणसाने! बरं, चेहऱ्यावर लाज नाही, घाम नाही. त्या वर्षी गणपतीत ते भाषण झालं नाही, तेवढाच आम्हाला फायदा.

*

मग दाखल्याचं प्रकरण निघालं. उमेदवाराने आपण मलय समाजाचे आहोत असं एका समितीकडून प्रमाणपत्र आणायचं, असा नियम होता. कोणाचे वडील कुठले, कोण घरी कुठली भाषा बोलतो, यावर मुग्धाच्या ऑफिसात लंचटाइमला वादावादी चालायची. तिच्या मैत्रिणींना हे काहीतरी अद्भुत वाटत होतं. माणूस कुठल्या समाजाचा आहे हे समिती कशी ठरवणार, असं त्या विचारायच्या.

आमच्या टेबलावर कोणालाही काही अद्भुत वाटलं नाही. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही!

"जातीचा दाखला!" नेने म्हणाले.

"आणि समिती म्हणजे जात पडताळणी!" मी म्हणाले.

सुलभावहिनी सांगलीत शाळेत शिक्षिका होत्या. असले दाखले देण्यात त्यांची निम्मी नोकरी गेली. त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला मागितलाय का?"

"तसं काही दिसत नाही," मी म्हटलं.

"मग पुढे अडकणार. ऐन वेळी मूळ प्रत मागतात. आणि नेमकं त्या शाळेचं दप्तर पुरात वाहून गेलेलं असतं."

चीफ वैतागले. "इथे तसं नसतं! इथे अर्ज केला की काही दिवसांत उत्तर येतं. टेबलाखालून काही नाही, हेलपाटे नाहीत!"

"अहो, म्हणजे इतकी वर्षं तुमची तक्रार आरक्षणाबद्दल नव्हतीच," वहिनी म्हणाल्या. "हेलपाट्यांबद्दल होती. ते आधी सांगायचं ना!"

*

हा किस्सा सांगू की नको, असं मला झालं होतं. पण सांगतेच.

रोस्ली म्हणून चीफचे शेजारी आहेत, त्याच मजल्यावर, दोन दारं सोडून. मलय गृहस्थ. विमा कंपनीतून रिटायर झालेत. हरी रायाला, म्हणजे ईदला, त्यांच्याकडून केळकरांकडे केक जातो, दिवाळीला केळकरांकडून त्यांच्याकडे चिवडा आणि लाडू. चीफ त्यांची ओळख करून देताना नेहमी "माय व्हेरी गुड फ्रेंड रोस्ली" असंच म्हणतात. दुसऱ्या कुठल्या शेजाऱ्याला हे बिरुद नाही.

तर त्याच सुमारास एका रविवारी रोस्ली शेजारच्या स्टॉलवरून तेह तारिकचा, म्हणजे फेसाळ चहाचा, ग्लास घेऊन चालले होते. चीफनी त्यांना थांबवलं, उठून उभे राहिले आणि दोन्ही हातांनी त्यांचा मोकळा हात धरला.

"रोस्ली, काँग्रॅच्युलेशन्स! धिस टाइम इट इज युवर टर्न! आय ॲम सो हॅपी फॉर यू!" आवाज असा, की राष्ट्रपतिपद जणू चीफनीच घरून आणलं होतं आणि आता वाटत होते!

रोस्ली शांतपणे म्हणाले, "व्हाय हॅपी फॉर मी, चीफ? आय नॉट स्टँडिंग, व्हॉट."

"नो, नो, आय मीन युवर कम्युनिटी! वी आर ऑल वन फॅमिली!"

आता इथे एक मागची गोष्ट सांगायला हवी. दोन-तीन महिन्यांपूर्वी केळकरांना घरातली एक खोली भाड्याने द्यायची होती. चीफनी जाहिरात टाकली, "इंडियन व्हेजिटेरियन ओन्ली". रोस्लींचा भाचा जवळच्या कॉलेजात शिकवायला लागला होता आणि त्याला खोली हवी होती. मुलगा बाहेरच जेवेन म्हणाला, घरात साधं अंडंही उकडणार नाही म्हणाला. चीफनी सांगितलं, "नथिंग पर्सनल, रोस्ली. किचन इश्श्यू." रोस्लींनी पुन्हा विषय काढला नाही, आणि बोलणं-चालणंही नेहमीसारखंच ठेवलं.

त्या सकाळी मात्र रोस्लींनी चीफच्या हातातून आपला हात हळूच सोडवून घेतला. चेहऱ्यावर हसू तसंच. म्हणाले,

"प्रेसिडेंट कॅन, टेनंट कॅनॉट, आह?"

आणि आपला ग्लास घेऊन निघून गेले.

चीफ उभेच. नेने एकदम फोनवर काहीतरी महत्त्वाचं वाचू लागले, कारण त्यांच्या भाड्याने द्यायच्या सेम्बावांगच्या फ्लॅटची जाहिरात तशीच होती, शब्दन् शब्द. मुग्धा मोठ्याने "गुड वन, अंकल!" म्हणाली. मला त्या सकाळी चीफची लाज वाटली आणि आमच्या सगळ्या टेबलाचीही. बाहेरच्या देशात येऊन समान वागणुकीवर गप्पा मारणारे आम्ही, आणि आमच्या दाराची कडी आतून घट्ट!

वर गेल्यावर हे वहिनींना कळलं. त्या एवढंच म्हणाल्या, "खोली अजून रिकामीच आहे, चीफ."

*

बोटीवर म्हणे आठवड्याला ड्रिल असते. आगीची ड्रिल, बोट सोडायची ड्रिल. संकट येवो न येवो, ड्रिल चुकत नाही. चीफनी घरी मतदानाची ड्रिल सुरू केली!

मतदान केंद्र पलीकडच्या शाळेत असेल, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. वहिनींना घेऊन, छत्री घेऊन, दोन्ही आयसी घेऊन ते सकाळच्या वेळी तिथपर्यंत चालून आले. रस्ता कुठे ओलांडायचा, पाऊस आला तर कुठल्या ब्लॉकखालून जायचं, सगळं पक्कं. शाळेच्या वॉचमनने विचारलं, "अंकल, कोणाला न्यायला आलात?" तर चीफ म्हणाले, "कोणाला नाही. रिहर्सल."

मी एकदा डबा परत द्यायला गेले तर डायनिंग टेबलावर मतपत्रिका! चीफनी पट्टीने चौकटी आखल्या होत्या. उमेदवार अजून ठरले नव्हते, म्हणून नावांच्या जागी अ, ब, क. इथे मत देताना चौकटीत फुली मारायची असते. चीफ मागे हात बांधून उभे, आणि वहिनींच्या हातात पेन.

वहिनींनी अ-पुढे छानपैकी बरोबरची खूण केली.

"अगं, फुली! ज्याला मत द्यायचं त्याच्यापुढे फुली!"

"पसंत असलेल्या माणसापुढे फुली?"

"हो."

"मी जन्मभर पेपर तपासले. चुकलेल्या उत्तरावर फुली मारतात."

"इथला नियम आहे तो. मार फुली."

वहिनींनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मीना, बाबांनी मला स्थळांची यादी दिली होती ना, त्यात यांच्या नावापुढे मी फुलीच मारली होती गं. घोटाळा कुठे झाला ते आज कळलं!"

मी डबा तिथेच टाकून हसत सुटले. चीफना मात्र हसू आलं नाही. त्यांनी नवीन कागद घेतला, पुन्हा पट्टीने चौकटी आखल्या आणि स्वतः बसून फुलीचा सराव करू लागले. रेघा चौकटीबाहेर जायला नकोत, मत बाद होईल, म्हणाले. एवढा मोठा इंजिनियर, पण पेन्सिलीने काढलेली एकेक फुली खोडून पुन्हा काढत होता. या गोष्टीची त्यांना खरोखर किती ओढ लागली आहे ते मला तेव्हा कळलं.

"कोणाला देणार मत?" मी विचारलं.

"ते गुप्त असतं," चीफ म्हणाले. आपण आयुष्यभर काय ओरडत आलो, हे ते बहुतेक विसरले होते.

*

आणि मग मतदान झालंच नाही.

अटी कडक होत्या. इच्छुकांपैकी एकच उमेदवार पात्र ठरला, बाकीचे बाद. एकच उमेदवार म्हणजे मतदान नाही. इथे त्याला वॉकओव्हर म्हणतात. बातमी आली तेव्हा मी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, होते. कट्ट्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला मेसेज नेन्यांचा: "म्हणजे सुट्टी गेली???"

मतदानाच्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते ना! नेन्यांनी जवळच्या बिंतान बेटावर रिसॉर्ट बुक केलं होतं. मग धडाधड मेसेज. कोणाचं सिनेमाचं तिकीट, कोणाचं आणखी काही. लोकशाहीसाठी ग्रुपवर एक टिपूस कोणी गाळलं नाही, लाँग वीकेंडसाठी मात्र सुतक! नेन्यांनी तर रिफंड मिळत नाही म्हणून सरकारचा जाहीर निषेध केला. आयुष्यातला पहिला.

रविवारी कट्ट्यावर मुग्धाच काय ती खरी चिडलेली. "बाबा, त्यांनी तुमचं व्होट घेतलं, ओके? यू वेटेड युवर होल लाइफ!"

"कोणी काही घेतलेलं नाही," चीफ म्हणाले. "उलट वाचवलं. खर्च वाचला, वेळ वाचला, रांग वाचली. याला म्हणतात कार्यक्षम कारभार!"

"बाबा, यू आर सॅड. जस्ट से इट लाह!"

"मी कशाला सॅड होऊ? योग्य माणूस निवडून आला की झालं. कसा आला त्याच्याशी काय करायचंय?"

पण समोरचा काया टोस्ट, नारळाचा जॅम लावलेला, तसाच राहिला होता. चीफ टोस्ट कधी टाकत नाहीत, दुसऱ्याचा उरलेलाही सोडत नाहीत. निघताना वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "रात्रभर कूस बदलत होते. काय झालं विचारलं तर म्हणे, एसीचा आवाज येतोय. एसी बंद होता गं."

मी चीफसाठी एक खोचक वाक्य तयार ठेवलं होतं. ते गिळलं. वाईट वाटलंच, पण राग जास्त आला. सत्तेवर एवढी निष्ठा, की आपल्याला दुःख झालंय हेसुद्धा वरून परवानगी आल्याशिवाय सांगायचं नाही!

*

आमचं इथे एक छोटं मराठी मंडळ आहे. वर्षाला तीन कार्यक्रम आणि तेरा भांडणं. पण एका बाबतीत मंडळाला भारी अभिमान: अध्यक्षाची निवड नेहमी बिनविरोध! या परंपरेचे शिल्पकार म्हणजे चीफ. सभेच्या आधी कोणी निवडणुकीला उभं राहायचं म्हणालं, की चीफचा त्याला फोन. "कशाला वाद? चाललंय ते बरं चाललंय. तुमचं पुढच्या वर्षी बघू." ज्यांचं पुढच्या वर्षी बघायचं होतं त्यातले दोघं तर कंटाळून ऑस्ट्रेलियाला गेले.

निवडणूक अधिकारी मी. दरवर्षी मीच, कारण काम काहीच नसतं. कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये उभं राहून एक वाक्य वाचायचं आणि मग सगळ्यांनी पावभाजीकडे वळायचं.

त्या वर्षीच्या सभेतही एकच नाव होतं, नेने. पुन्हा नेने. त्यांचं नाव चीफनीच सुचवलेलं. मी उठले आणि वाचायला लागले, "अध्यक्षपदासाठी एकच अर्ज आल्यामुळे..."

"थांब," मागून आवाज आला. "दुसरा अर्ज आहे."

चीफ! हातात घडी घातलेला कागद.

हॉलमध्ये गलका झाला. नेन्यांचा चेहरा पांढरा पडला. "चीफ, माझं काही चुकलं का?"

"अजिबात नाही. उत्तम काम करतोस."

"मग तुम्ही का उभे राहताय?"

"मतदान घ्यायचं असेल तर दोन माणसं लागतात," चीफ म्हणाले.

कोणीतरी परंपरेचं नाव काढलं. कोणीतरी पावभाजी थंड होतेय म्हणालं. चीफ जागचे हलले नाहीत. "नियमात मतदान आहे की नाही, ते मीनाला विचारा," एवढंच म्हणाले. नियमात होतं. ते वाचायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती!

मग काय, धावपळ. केकच्या खोक्याला भोक पाडून मतपेटी केली. कार्यक्रमपत्रिकेच्या कोऱ्या बाजूच्या चिठ्ठ्या फाडल्या. कोपऱ्यात खुर्च्यांची चळत होती, तिच्यावर वहिनींची शाल टाकून आडोसा केला. लोक कुरकुरत एकेक करून आत जाऊन आले.

शेवटी चीफ आले. माझ्यासमोर डाव्या हाताची तर्जनी पुढे केली.

"काय?" मी विचारलं.

"शाई," चीफ म्हणाले. "आईच्या बोटावर बघितली आहे. बाबांच्या बघितली आहे. सुट्टीवर आलो की सगळ्या आळीच्या बोटांवर असायची, आणि माझं बोट कोरं."

इथे शाई लावत नाहीत. पण मी इकडेतिकडे बघितलं. व्हाइटबोर्डचा निळा मार्कर होता, त्याने त्यांच्या नखावर जाड रेघ ओढली. चीफनी फुंकर मारून ती वाळवली आणि आडोशामागे गेले. बराच वेळ बाहेर येईनात. कोणी खाकरलं, कोणी घड्याळ बघितलं. बाहेर आले तेव्हा डोळे ओले होते. ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही. चिठ्ठी खोक्यात टाकली आणि वरून तळव्याने दोनदा थोपटलं.

मग मी मोजणी केली. एकेक चिठ्ठी उघडून मोठ्याने वाचली. नेने, नेने, नेने. शेवटपर्यंत नेने. खोका उलटा करून झटकला, पुन्हा सगळ्या चिठ्ठ्या बघितल्या.

चीफना एकही मत नव्हतं!

सगळ्यांनी आधी वहिनींकडे बघितलं. वहिनी वरच्या पंख्याकडे बघत होत्या. मग हळूहळू एकेकाच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि सगळ्यांच्या माना चीफकडे वळल्या. चीफ खुर्चीवर बसून आपलं निळं बोट दिव्याच्या उजेडात धरून न्याहाळत होते. इतका खूश हरलेला उमेदवार मी पाहिला नाही.

नेने जिंकले होते, पण चेहरा रडवेला. "अहो चीफ," ते म्हणाले, "निदान स्वतःचं मत तरी स्वतःला द्यायचं!"

"छे!" चीफ म्हणाले. "त्या माणसाला मी चांगला ओळखतो!"